आरशातला हात

पीस आमच्या बंदरावर क्रेन चालवायचा तेव्हा त्याचं वजन एकशे बारा किलो होतं. केबिनची शिडी चढताना तो चार ठिकाणी दम खायचा, आणि आज शिडी मोडते की माणूस, यावर खाली पैजा लागायच्या. तरी त्याचं नाव पीस. का, ते ऐका.

मी त्याच धक्क्यावर साखळ्या बांधायचो. माल उचलायचा तर त्याला साखळ्या घालायच्या, कड्या तपासायच्या आणि बाजूला व्हायचं. बाजूला झालं की मान वर करून बघण्याखेरीज काम नसतं. त्यामुळे मी जे पाहिलं ते माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही. यात जे वाढवून सांगितल्यासारखं वाटेल ते अजिबात वाढवलेलं नाही. जिथे वाढवलंय तिथे तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

एकदा वीस टनांचा बॉयलर उतरवायचा होता. कोणीतरी वात्रटपणा म्हणून तो जिथे टेकायचा तिथेच एक कच्चं अंडं ठेवलं. पीसने बॉयलर आणला, आणला, खाली आणला, आणि अंड्यावर थांबवला. मी पालथा पडून पाहिलं. मधल्या फटीतून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद जात होता, पाकीट जात नव्हतं. ते अंडं आमच्या नोंदवाल्याने, म्हणजे मालाची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाने, घरी नेऊन कोंबडीखाली ठेवलं. त्यातून निघालेला कोंबडा जन्मभर मान खाली घालून चालला.

दुसऱ्या खेपेला एका जहाजाच्या कप्तानाचं तान्हं बाळ तीन दिवस झोपत नव्हतं. आईने वैतागून विचारलं, तुमच्याकडे काही उपाय आहे का. पीसने पाळणा हुकाला लावायला सांगितला आणि तीस मीटर उंचीवरून, दांड्यावर करंगळी ठेवून, तो झुलवला. बाळ झोपलं. बाळाची आई झोपली. धक्क्यावरचे अकरा हमाल झोपले, त्यांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला.

घरी मात्र या माणसाला कपबशी धड ठेवता येत नसे. महिन्याला सहा कप फुटायचे.

"तिकडे वीस टन अंड्यावर ठेवता," त्याची बायको म्हणायची, "आणि इकडे एवढासा कप टेबलावर ठेवताना काय होतं हो तुम्हाला?"

"घरी हात कोण दाखवतं?" पीस म्हणायचा.

हे वाक्य ध्यानात ठेवा. त्याने ठेवलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

तर हात. क्रेनवाल्याला वरून वस्तूंचं टाळकं दिसतं, बूड दिसत नाही. खाली किती जागा उरली, चार बोटं की चार हात, ते त्याला कळायची सोय नाही. म्हणून खाली एक माणूस उभा असतो. त्याला आम्ही हातवाला म्हणायचो. उजव्या हातात लाल मोजा घालायचा आणि मालाच्या जवळ, क्रेनवाल्याला दिसेल असं उभं राहायचं. तर्जनी फिरवली की वर घे. तळवा दाबला की खाली सोड. मूठ मिटली की थांब. हातवाल्याने ओरडायचं नाही, कारण ओरडण्याने वरचा दचकला तर दांडा हलतो आणि दांडा हलला की माणूस मरतो. आणि हात दिसत नसेल तर क्रेनवाल्याने काही हलवायचं नाही. 'वरच्याला डोळे नसतात' असं आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. प्रत्येक उचलीआधी क्रेनवाला एक चिठ्ठी भरायचा. माल काय, वजन किती, आणि शेवटचा रकाना: हात कोणाचा.

बावीस वर्षं पीसने त्या रकान्यात एकच नाव लिहिलं. ते त्याच्या मेव्हण्याचं, बायकोच्या थोरल्या भावाचं. त्याला सगळे खांब म्हणायचे. उंच, काटकुळा, न बोलणारा. उभा राहिला की असा उभा राहायचा की कबुतरं खांद्यावर बसून पंख साफ करायची. पण तो लाल हात वर गेला की काय सांगू. इतरांचा तळवा 'खाली' एवढंच सांगतो. खांबाच्या तळव्यात खाली, जरा खाली, कणभर खाली आणि 'आता फक्त मनात आण' असे चार वेगळे हुकूम होते. मी बावीस वर्षं पाहिले, मला त्यातले तीनच कळले. पीसला चारही कळायचे.

मग अंड्याची बातमी पेपरात आली. रविवारी माणसं बघायला यायला लागली. बंदराच्या मोठ्या साहेबांनी बाकडी मांडली, मग बाकड्यांवर छत घातलं. पीसला पांढरे शुभ्र हातमोजे दिले. बंदराच्या कॅलेंडरवर बारा महिने पीसचा एकच फोटो, केबिनमध्ये, हात दांड्यावर. त्यात खालच्या कोपऱ्यात खांबाचं कोपर तेवढं आलं होतं.

इथपर्यंतही बरं चाललं होतं. माणूस चांगला होता हो. कौतुकाने जरा फुगला, पण आधीच एकशे बारा किलो, त्यात फरक काय कळणार? बिघडलं ते चहाच्या टपरीवर.

नोंदवाल्याची जीभ म्हणजे वस्तरा. एका दुपारी सगळे चहाला उभे असताना तो म्हणाला, "लोक उगाच वर बघतात. वर नुसता बाहुला बसलाय. दोरी खाली आहे, मेव्हण्याच्या बोटाला."

सगळे हसले. पीस सगळ्यात मोठ्याने हसला. पण जाताना पाहिलं, त्याचा चहा अर्धा तसाच राहिला होता. पीसने चहा टाकल्याचं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

आणि नेमका त्याच महिन्यात आरसा आला.

लांब डोंगरावर तारे बघायची एक मोठी दुर्बीण बांधत होते. तिच्यासाठी काचेचा आरसा, सहा माणसं हात पसरून उभी राहिली तर ओलांडेल एवढा रुंद, वजन अठरा टन. ज्या बाईंनी तो घासून गुळगुळीत केला त्या त्याच्याबरोबरच जहाजातून उतरल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, बोटांची टोकं झिजून सपाट झालेली. त्यांना आम्ही काचवाल्या बाई म्हणायला लागलो. मी साखळ्या मोजत होतो तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या.

"नऊ वर्षं घासला," त्या म्हणाल्या. "मधे माझं लग्न ठरून मोडलं. मोडल्याचं मला दोन आठवड्यांनी लक्षात आलं."

उचलीच्या सकाळी मोठे साहेब, पीस, खांब, काचवाल्या बाई आणि मी जहाजावर जमलो. आरसा लाकडी पेटीत होता. पीसने साहेबांना दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली, "पेटी काढून टाका. बंद खोकं उचललेलं बघायला लोक कशाला येतील? खोकी रोज उचलतो."

दुसरी सांगताना तो खांबाकडे बघत नव्हता. "आज मला हात नको. मी एकट्याने उचलतो. एकदा बघू दे लोकांना, वर कोण बसतं ते."

साहेबांनी कपाळ पुसलं. बाकडी भरली होती, शहरभर पत्रकं लागली होती, आणि पीसला नाही म्हणायची सवय बंदरात कोणालाच उरली नव्हती. त्यांनी खांबाला सांगितलं, "तुम्ही आज गोदामात गोण्या मोजा."

खांबाने लाल मोजा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि गेला. मागे वळून बघणं नाही. बावीस वर्षं जो माणूस उभा होता तो चालतोय हेच बघायला विचित्र वाटलं.

काचवाल्या बाईंनी विचारलं, "मग खालून हात कोण दाखवणार?"

"मला हात लागत नाही, बाई," पीस म्हणाला.

त्या माझ्याकडे वळल्या. "साखळ्या तरी नीट आहेत ना?"

"साखळ्या नीट आहेत," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. पण त्यापुढचं खरं होतं ते गिळलं, आणि ते अजून घशात आहे.

पीसने चिठ्ठी भरली. शेवटच्या रकान्यात लिहिलं: कोणाचा नाही. ठसठशीत अक्षरात.

आता आरसा वर गेला तेव्हाचं. आयुष्यात मी बरंच काही वर जाताना पाहिलं आहे. हत्ती पाहिला, चर्चची घंटा पाहिली, एकदा तर आख्खं घर पाहिलं, खिडकीतल्या कुंडीसकट. पण त्या सकाळी जहाजाच्या पोटातून आकाशाचा एक तुकडा बाहेर आला. निळा, गोल, काठ असलेला. त्यातून ढग चालला होता. एक पक्षी वरून उडाला आणि दुसरा त्याच्या खालून, पोटाला पोट लावून. मग आरसा जरा कलला आणि ते आकाश बाकड्यांवरच्या लोकांना दिसलं. चार हजार माणसं गप्प झाली. शेंगदाणे खाणाऱ्याने तोंडातला दाणा चावला नाही. काचवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "मी हा कधी बाहेर पाहिलाच नव्हता." नऊ वर्षं छताखाली घासलेली काच, तिला पहिल्यांदा आकाश भेटत होतं.

पीसने तो जहाजावरून धक्क्यावर आणला. खाली लांब ट्रक उभा, त्याला चार कोपऱ्यांत चार लोखंडी खुंट. मधोमध आरसा बसवायचा. पीस खाली सोडायला लागला.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. क्रेनवाला खालचं अंतर थोडंफार ओळखतो ते सावलीवरून. हुकाची सावली मालावर पडते, मालाची जमिनीवर. पण आरशावर सावली पडत नाही. त्याने खाली पाहिलं तर खाली आकाश होतं, आणि त्या आकाशात उलटी टांगलेली एक क्रेन, तिच्या केबिनमध्ये मोहरीएवढा एक माणूस, पांढरे मोजे घातलेला, त्याच्याकडे टक लावून बघणारा. पीसने दांडा हलवला की तोही हलवायचा. "इतका छान दिसत होतो रे मी," तो म्हणाला. "बघतच राहिलो."

टक्.

नख कापल्याएवढा आवाज. पण चार हजार माणसांच्या शांततेत तो बंदराच्या फाटकापर्यंत गेला. आरशाची कड खुंटाला लागून कपचा उडाला होता. काचवाल्या बाईंनी डोळे मिटले. त्यांना बघावं लागलं नाही, कुठे लागलं आणि किती, ते त्यांच्या बोटांना कळलं असावं.

पीसने झटक्यात आरसा माणूसभर वर घेतला. आणि तिथेच अडकला. वरही नाही, खालीही नाही. आकाश खाली, आकाश वर, मधे तो. ज्या बोटांनी पाळणा झुलवला ती गारठली. वारा सुटला होता, अठरा टन काच साखळ्यांवर सावकाश फिरत होती, आणि माझ्या कड्या बारीक आवाजात कण्हायला लागल्या.

पीसची बायको पहिल्या बाकड्यावर बसली होती. ती उठली आणि गोदामाकडे पळाली.

"दादा," ती म्हणाली, "ते वर अडकलेत."

"दोनशे अठरा," खांब म्हणाला. आकडा पाटीवर लिहिला, खडू ठेवला आणि आला. घाईने नाही. खांब घाईने चालला असता तर आम्ही सगळे पळून गेलो असतो.

तो आपल्या जागी उभा राहिला, लाल मोजा उजव्या हातात चढवला आणि हात वर केला. पीसने पाहिलं नाही. त्याची नजर आरशात रुतली होती. मी ओरडायला तोंड उघडलं तर खांबाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं. मग त्याने आरशाकडे पाहिलं, वर केबिनकडे पाहिलं, आणि शेजारच्या बंद पडलेल्या क्रेनकडे पाहिलं.

"खाली किती उरलं ते तू मला दाखव," तो मला म्हणाला. "मी भावजींना दाखवतो."

आणि साठीला टेकलेला तो माणूस त्या क्रेनची शिडी चढायला लागला. आरशाच्या वर आठ-दहा हात गेला, एका आडव्या गजावर उभा राहिला, आणि उजव्या हातातला लाल मोजा काढून डाव्या हातात घातला.

मला वाटलं, म्हातारा गडबडला. मग उजेड पडला. पीस जर फक्त आरशातच बघत असेल तर हात आरशात दिसायला हवा. आणि आरशात डावा हात उजवा दिसतो. शिवाय आडव्या आरशात माणूस उलटा लटकलेला दिसतो, डोकं खाली, पाय वर. 'खाली सोड' म्हणून तळवा खाली दाबला तर पीसला तो वर ढकललेला दिसणार. म्हणजे जे बावीस वर्षं केलं ते सगळं उलटं करायचं, दुसऱ्या हाताने, वाऱ्यात, कणभर न चुकता.

खांबाने तळवा वरच्या बाजूला उचलला.

वर, त्या मोहरीएवढ्या माणसाशेजारी, पीसला आकाशातून एक लाल हात उतरलेला दिसला. सरळ. उजवा. रोजचा. तो मला म्हणाला की त्या क्षणी त्याला स्वतःचा चेहरा दिसेनासाच झाला.

आरसा खाली यायला लागला. मी ट्रकखाली पालथा पडून अंतर बघत होतो. माझी बोटं खांबाला, खांबाचा हात आरशाला, आरसा पीसला. हात. वीत. चार बोटं. दोन. मग खांबाचा तळवा इतका हलका उचलला गेला की उचलला असं म्हणणंसुद्धा भडक होईल. तो चौथा हुकूम होता, मला न कळणारा. त्या दिवशी कळला.

आरसा टेकला तेव्हा ट्रकच्या स्प्रिंगांना कळलं नाही. दोन मिनिटांनी कळलं, मग त्या दबल्या.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना तो सगळा खेळाचाच भाग वाटला. मोठे साहेब तर नाचायचे बाकी होते. पीस खाली उतरला तशी त्यांनी त्याच्यापुढे चिठ्ठी धरली. "हे शेवटचं खोडा आणि मेव्हण्याचं नाव लिहा. शेवटी हात त्यांचाच होता ना? कपचा जहाजात उडाला म्हणू. पुढच्या रविवारी हाच खेळ पुन्हा करू, आरसा दुसरा आणू."

पीसने खांबाकडे पाहिलं. मी पाहिलंय त्या नजरेत काय होतं ते. बावीस वर्षांची नोकरी होती, छत घातलेली बाकडी होती, कॅलेंडर होतं. खांबाने नुसती मान डोलावली असती तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं.

"मेव्हणे?" पीस म्हणाला.

"उचललं तेव्हा मी गोण्या मोजत होतो, भावजी," खांब म्हणाला.

बायकोने नवऱ्याच्या हातातून पांढरे मोजे काढून घेतले, तान्ह्या मुलाचे काढतात तसे. "दादा खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीही बोलू नका."

पीसने चिठ्ठी तशीच साहेबांच्या हातात दिली. कोणाचा नाही. पंधरा दिवसांत त्याचा परवाना गेला. ज्या हाताला देशोदेशीचे कप्तान टोपी काढत तो हात पुन्हा कधी दांड्याला लागला नाही. नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी दुसरा फोटो मिळेना, म्हणून जुन्यातलाच पीस कापून टाकला. उरलं काय, तर खांबाचं कोपर. बारा महिने कोपर.

वर्षभर पीस घरी बसला आणि कप फोडले. मग एक दिवस काचवाल्या बाई दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, दुर्बिणीत आरसा बसला. कपच्याची जागा घासून काळी केली, नखाएवढी आहे. तारे दिसतात. पण आरशावर एक झाकण आहे, दोन पाखांचं, हाताने चरक फिरवून रोज संध्याकाळी उघडायचं आणि सकाळी मिटायचं. त्याला माणूस हवा.

"मी?" पीस म्हणाला. "तो मीच फोडला, बाई."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना तो फुटतो हे अजून ठाऊक नाही."

मी एकदा गेलो होतो डोंगरावर. सकाळची वेळ होती. घुमट उघडा, आरशात पहाटेचं उरलेलं आकाश, त्यात एकच तारा, विझायच्या बेतातला. पीस चरकाशी उभा. वजन नव्वदवर आलेलं, रोज डोंगर चढून. खांब निवृत्त झाला होता, आठवड्यातून एकदा बसने यायचा. तो आरशापलीकडे कठड्याशी जाऊन उभा राहिला. झाकण मिटायला हातवाल्याची काही गरज नसते. चरक फिरवला की पाखं मिटतात, लहान मूलही मिटवील.

पीस हात चरकावर ठेवून थांबला. वाट बघत राहिला. आरशात एकदाही डोकावला नाही.

खांबाने खिशातून लाल मोजा काढला, सावकाश उजव्या हातात चढवला, आणि तळवा दाबला. मग आकाश मिटायला लागलं, इतक्या हलकेच की तो तारा आधी विझला की झाकला गेला, हे मी आजही सांगू शकत नाही.